दीड टक्क्याची चूक

गारा पत्र्यावर अशा काही आपटत होत्या की फोनवर बोलायचं तर ओरडण्यावाचून इलाज नव्हता.

शंकर नगरच्या चौकात दयारामचा उसाच्या रसाचा ठेला होता. मार्च सरत आलेला. सकाळपासून ऊन नुसतं भाजत होतं आणि दुपारी अचानक आभाळ काळवंडलं. भावना रामटेके लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून त्या पत्र्याखाली शिरली, ओढणीनं तोंड पुसलं, एका कानात बोट घातलं आणि दुसऱ्या कानाला फोन लावला. पलीकडे तिची मैत्रीण मीरा होती, नागपुरात.

“मी नाही चुकली, मीरा! तोच चुकला! ...काय? अगं, माझा आकडा वर जाऊन राहिला, त्याचा खाली, अन् सगळे मलेच विचारून राहिले!”

गारा वाढल्या. भावनानंही आवाज वाढवला.

“त्या पुष्कर दाणीले म्हणा —”

आणि नेमक्या तेव्हाच गारा थांबल्या. कुणी नळ बंद करावा तशा.

“— आधी आपला डिटेक्टर धू, गाढवा!”

सगळ्या चौकाला ऐकू गेलं. दयारामचा हात चरकाच्या चाकावर थबकला. बाकड्यावर बसलेल्या एका तरुणानं ओठांना लावलेला ग्लास हळूच खाली घेतला. ओले केस कपाळावर चिकटलेले, चष्म्याच्या काचांवर थेंब, आणि त्या थेंबांमागे कसंबसं दाबलेलं हसू.

“धो लूँगा,” तो म्हणाला. “मगर वो तो जिनेवा में है. ज़मीन के नीचे.”

भावनाला क्षणभर काही कळेचना. मग कळलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

“तुमी... तुम्ही मराठी समजता?”

“समझता हूँ. तात्यापारा का हूँ. पुष्कर दाणी... गाढव.”

तात्यापारा म्हणजे या हिंदी मुलखातल्या शहरातली जुनी मराठी वस्ती. आणि पुष्कर दाणी हे नाव ती गेलं वर्षभर पडद्यावर बघत होती. आठवड्याच्या मीटिंगला जगभरातली माणसं जोडलेली असत, कॅमेरे बंद, आवाज तुटक. दाणी भुवनेश्वरच्या संस्थेतला, म्हणजे ओडिया असणार, असं तिनं धरूनच चाललं होतं. त्याच्या ई-मेल तिला पाठ होत्या. कोरड्या, दोन ओळींच्या, शेवटी नुसतं ‘रिगार्ड्स’.

“आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय,” तो म्हणाला — आणि हे वाक्य त्यानं मराठीत म्हटलं, जरा अडखळत. “म्हणून महिनाभर इथे आहे. घरून काम करतोय. रस घेणार? अद्रक-निंबू वाला?”

“नको.” मग तिनं मीराचा फोन बंद केला. “...घेते.”

*

ती दोघं मोजत होती ती एकच गोष्ट. जिनिव्हाजवळच्या त्या बोगद्यात प्रोटॉनवर प्रोटॉन आपटतात, कधी शिशाच्या अणुकेंद्रावर प्रोटॉन आपटतात, आणि त्या धडकेतून हजारो कण उडतात. त्यांतले हलके मेसॉन — पायॉन आणि ईटा — किती तयार झाले, हे यांना मोजायचं होतं. पायॉन काही दिसायला थांबत नाही. जन्मतो तसा फुटतो, आणि त्याचे दोन फोटॉन होतात. त्या फोटॉनांवरून मागे जाऊन म्हणायचं, इथे एक पायॉन होता.

भावना ते फोटॉन एका जाड स्फटिकी भिंतीत अडवून त्यांची ऊर्जा मोजायची. पुष्करची रीत निराळी. काही थोडे फोटॉन वाटेतच डिटेक्टरच्या साहित्यावर आदळून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन होतात. तो त्यांच्या वाटा मोजायचा. रीती दोन, उत्तर एकच यायला हवं. प्रोटॉन-प्रोटॉनच्या धडकेत ते येतही होतं. शिशाच्या धडकेत मात्र भावनाचे पायॉन पुष्करच्यापेक्षा दहा टक्क्यांनी जास्त भरत होते.

दहा टक्के ही काही लहान गोष्ट नव्हती. भावनाचा आकडा खरा असेल तर शिशाच्या केंद्रात काहीतरी नवीन घडत होतं, कुणी न पाहिलेलं. तिच्या मार्गदर्शक विजया मॅडम परवाच म्हणाल्या होत्या, “भावना, हे टिकलं ना, तर तुझं नाव लोक लक्षात ठेवतील.” हे टिकलं तर दिवाळीपर्यंत पीएच.डी. आणि जर्मनीतली नोकरी. पत्र आलेलंच होतं, पदवीची अट घालून. सिलतऱ्याच्या कारखान्यात क्रेन चालवणाऱ्या तिच्या बाबांनी, हरिदास रामटेक्यांनी, सगळ्या पाळीला पेढेसुद्धा वाटले होते.

आणि एप्रिलच्या मध्यावर निर्णयाची मीटिंग होती. तोवर दोन आकडे जुळले नाहीत तर एकच ठेवणार, दुसरा वगळणार. ज्याचा वगळला, त्याच्या प्रबंधात उरणार काय?

“म्हणजे तू किंवा मी,” पुष्कर ग्लासातला बर्फ हलवत म्हणाला.

“हव. तू किंवा मी.”

“मग भांडायचंच असेल तर... समोरासमोर भांडूया? ई-मेलवर मजा नाही येत.”

तिला हसू आलं. हसायचं नव्हतं तरी.

*

दुसऱ्या दिवसापासून पुष्कर विद्यापीठात यायला लागला. भौतिकशास्त्र विभागाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती, जुना कूलर खडखडत गार हवेपेक्षा आवाजच जास्त फेकायचा. दोघं शेजारी बसत, दोन लॅपटॉप, मध्ये एकच माउस.

“तुझ्या साहित्याची जाडी दाखव.”

“दाखवतो. तुझ्या ऊर्जेची दुरुस्ती दाखव.”

“पहिले तू.”

“लेडीज फर्स्ट.”

“पाहुणे पहिले.”

“मैं कहाँ का पाहुणा? तात्यापारा यहाँ से —”

“अन् हिंदी नाही बोलायचं माझ्यासंगं. आईसंगं बोलतोस ना मराठी?”

“आई रागावत नाही. तू रागावतेस.” तो पडद्याकडे बघत म्हणाला. “रागावणाऱ्या माणसाशी परक्या भाषेत बोललेलं बरं असतं.”

माउस सरकवताना त्याचा हात तिच्या बोटांना लागला, आणि दोघांनीही तो एकाच वेळी मागे घेतला. मग बराच वेळ माउस तिथेच पडून होता, कुणीच हात लावेना.

एक एक करून शंका खोडल्या जात होत्या. त्याची जाडी बरोबर निघाली. तिची घटनांची निवड बरोबर निघाली. पार्श्वभूमी वजा करायची रीत, दोघांचीही बरोबर. प्रत्येक शंका खोडली की आधी सुटल्यासारखं वाटे आणि मग धास्ती, कारण उरलेल्या जागा कमी होत चाललेल्या. चूक कुणाची तरी होतीच. दुपारी खालच्या कँटीनमध्ये तांदळाचा वाफवलेला फरा आणि लाल मिरचीची चटणी खाताना ती हळूच त्याच्याकडे बघायची... हा हरला तर मला आवडेल का? आणि मी हरले तर हा असाच हसेल का? आणि हे प्रश्न आपल्याला पडतातच का, हा तिसरा प्रश्न तर तिला विचारायचाच नव्हता.

एका संध्याकाळी ऑटोवाल्यांचा संप होता. पुष्करनं तिला स्कूटरवर बिरगावला सोडलं. घरासमोरच्या दोरीवरचे कपडे सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या काजळीनं करडे झाले होते. तिची आई, कांताबाई, ते झटकत उभी होती.

“हा कोण पोट्टा?”

“काकू, मी पुष्कर. भावनासोबत काम करतो.”

“सोबत का विरोधात?” कांताबाईंनी विचारलं. पोरगी घरी काय काय बोलत असेल हे पुष्करला तिथल्या तिथे कळलं. तो मोठ्यानं हसला. कांताबाईंनी त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, खाली भावनाला मिळालेले कप. तो खाली बसून भाकरी-बेसन मुकाट्यानं खात होता, तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू गेला.

“कुठे आहेस रे? कोणाकडे? ...रामटेके? रामटेके म्हणजे कुठले?”

पुष्कर एक क्षण गप्प राहिला. फक्त एक क्षण. मग म्हणाला, “घरी येऊन सांगतो, आई.”

त्या एका क्षणात भावनाला जे दिसायचं ते दिसलं. ती पाण्याचा तांब्या भरायच्या निमित्तानं आत गेली आणि बाहेर यायला तिनं उशीर केला.

*

मीटिंगला चार-पाच दिवस उरले होते तेव्हा पुष्कर सकाळी आला, पण त्यानं लॅपटॉप उघडला नाही. डोळे लाल होते.

“भावना... मी एक उपाय काढलाय.”

“कोणता?”

“मी माझी अनिश्चितता वाढवतो. म्हणतो, साहित्याची जाडी आम्हाला वाटली तितकी नीट माहीत नाही. माझ्या आकड्याभोवतीचा पट्टा रुंद होईल, तुझा आकडा त्यात बसेल. दोन्ही निकाल जुळले असं धरतील. दोन्ही छापतील.”

कूलर खडखडत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

“पण जाडी तर तुले नीट माहीत हाय. आपण दोघांनी तपासली.”

“हो.”

“मग काहून?”

तो खिडकीकडे बघायला लागला. बाहेर पळसाची उरलीसुरली फुलं वाऱ्यानं गळत होती.

“तुझं जर्मनीचं पत्र... मी तर थांबू शकतो, मला कुणी —”

“पुष्कर.” तिचा आवाज एकदम खाली आला. “तुले माझी चूक सापडली.”

त्यानं खिडकीवरून नजर हलवली नाही.

“सांग.”

“भावना —”

“सांग म्हणते ना!”

“गर्दी,” तो पुटपुटला. “शिशाच्या धडकेत एकाच वेळी खूप कण येतात. तुझ्या भिंतीत शेजारच्या कणाची थोडी ऊर्जा तुझ्या फोटॉनमध्ये मिसळते. तुझ्या सिम्युलेशनमध्ये ती गर्दी नाही. मोकळी धडक आहे, प्रोटॉनवाली. मी काल घरी तुझे आलेख गर्दीच्या आणि मोकळ्या घटनांत वेगळे करून पाहिले... आलेखातलं पायॉनचं शिखर सरकतं. दीड टक्काच. पण —”

पण पुढचं तिला सांगायची गरज नव्हती. जास्त ऊर्जेचे पायॉन इतके भराभर विरळ होत जातात की ऊर्जा दीड टक्क्यानं फुगली तरी मोजणी दहा टक्क्यांनी फुगते. तिनं स्वतःच गेल्या वर्षी विजया मॅडमच्या वर्गात हे शिकवलं होतं.

तिनं लॅपटॉप मिटला. फार हळू मिटला.

“चूक सांगितली असती ना, तर मी भांडली असती तुझ्यासंगं. रडली असती. पण मानली असती. तू तर दया केली माझ्यावर.”

“दया नाही, भावना, मी —”

“मग काय हाय हे? आमच्या घरी, पुष्कर, माझ्या आजापासून कोणी कोणाची दया नाही घेतली. घेतलं ते हक्काचं. बिरगावची, रामटेक्याची पोट्टी, बिचारी... तिले पास करून देऊ. असंच ना?”

“असं मी कधी —” तो खुर्चीवरून उठला. “असं नाही गं.”

“जा तू.”

तो गेला. जिन्यावरून त्याची पावलं खाली उतरत गेली, आणि शेवटच्या पायरीपर्यंत ती ऐकत बसली.

*

पुढचे दिवस तिनं एकटीनं तपासलं. गर्दीच्या घटना वेगळ्या, मोकळ्या वेगळ्या. तो म्हणाला तसंच होतं. ते शिखर प्रत्येक वेळी उजवीकडे सरकत होतं. नवीन काही घडत नव्हतं शिशात. घडत होतं ते तिच्या मोजण्यात.

त्याचे फोन आले. तिनं उचलले नाहीत. एक निरोप आला — ‘मी चुकलो. तुला विचारायला हवं होतं.’ तो तिनं किती वेळा वाचला ते तिचं तिलाच ठाऊक. उत्तर दिलं नाही.

घरी सांगितलं तेव्हा कांताबाई चिडल्या. “अजून वर्ष? इतकी वर्षं शिकून अजून शिकणंच?” हरिदास बाहेर जाऊन बराच वेळ मोटारसायकल पुसत राहिले. पेढे वाटलेल्या माणसांना आता काय सांगायचं, हे त्यांच्या पाठीवर लिहिलेलं तिला दिसत होतं. मग आत येऊन म्हणाले, “तुले पक्कं माहीत हाय का, तुझंच चुकलं?”

“हव, बाबा.”

“मग दुसऱ्यानं सांगायच्या आधी तूच सांग.”

मीटिंग दुपारी होती. विजया मॅडम तिच्या शेजारी बसल्या. कालच तिनं त्यांना सगळं दाखवलं होतं. त्या बराच वेळ आलेखांकडे बघत होत्या आणि शेवटी त्यांनी फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. मीटिंग चालवणाऱ्या इटालियन बाईंनी भावनाचं नाव पुकारलं. पडद्यावर जगभरातली पन्नासेक नावं, आणि त्यांत एक नाव — ज्याच्याकडे तिनं बघायचं नाही असं ठरवलं होतं.

तिनं माइक सुरू केला.

“शिशाच्या धडकांमधले माझे आकडे चुकले आहेत,” ती इंग्रजीत म्हणाली. “कारण मला कळलं आहे. ते पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही, पुष्कर दाणींच्या आलं. नवीन सिम्युलेशन लागेल. काही महिने लागतील. तोवर माझा निकाल मागे घ्यावा.”

इटालियन बाई म्हणाल्या, “धन्यवाद, भावना. हे सोपं नसतं. मग आपण पुष्करचा निकाल एकटाच पुढे —”

“नको.”

आवाज पुष्करचा होता. त्यानं कॅमेरा सुरू केला. वर्षभरात पहिल्यांदा. मागे तात्यापाऱ्यातल्या घराची निळी भिंत, टांगलेली छत्री.

“माझा निकालही थांबवा,” तो म्हणाला. “तिची चूक मला सापडली ती दोघांचे आकडे शेजारी ठेवले म्हणून. माझ्यात अशी एखादी चूक असेल तर ती कोण शोधणार? माझ्याशी ताडून बघायला आता काहीच नाही. शिशाच्या बाबतीत एकाच रीतीवर भरवसा ठेवून आपण छापू नये. तिचे नवे आकडे येईपर्यंत थांबावं, असं माझं मत आहे.”

“तुझा प्रबंधही अडकेल,” बाई म्हणाल्या.

“अडकेल.”

चर्चा झाली. दोघा-तिघांनी विरोध केला, एका जपानी प्राध्यापकांनी पुष्करची बाजू घेतली. शेवटी ठरलं — पेपर थांबेल. दोन्ही निकाल बरोबरच जातील.

भावनानं माइक बंद केला. हीसुद्धा दयाच का? की...? तिला कळत नव्हतं, आणि ते त्यालाच विचारावं लागणार होतं.

*

अर्ध्या तासानं तो विभागाच्या पायऱ्यांपाशी स्कूटर लावत होता. हेल्मेट काढलं तर केस घामानं भिजलेले. ती वरच्या पायरीवर उभी राहिली. खाली उतरली नाही.

“काहून केलं?”

“सांगितलं ना मीटिंगमध्ये —”

“ते ऐकलं. खरं सांग.”

“तेच खरं आहे.” तो दोन पायऱ्या चढला आणि थांबला. “दुसरं एक आहे, पण ते वेगळं आहे. ते त्यात मिसळू नको.”

“दुसरं काय?”

गरम वारा आला, तिची ओढणी उडाली. तिनं ती धरली नाही.

“मला तू आवडतेस,” तो म्हणाला. “खूप. त्या दिवशी उपाय म्हणून जे बोललो ना, ते या दुसऱ्या कारणानं बोललो. आणि ते चूक होतं. आज बोललो ते पहिल्या कारणानं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. असं टक लावून तिनं फक्त आलेखांकडेच बघितलं होतं आजवर.

“मी नसती,” तिनं विचारलं, “माझ्या जागी कोणी दुसरं असतं... तुले न आवडणारं... एखादा टकला, खडूस माणूस... तरी तू थांबवलं असतं?”

पुष्करनं विचार केला. खरंच केला, तिला दिसलं.

“हो,” तो म्हणाला. “थांबवलं असतं. कुरकुर केली असती, पण थांबवलं असतं.”

आणि ते ‘हो’ ऐकून भावनाचे डोळे भरून आले. ‘आवडतेस’ ऐकून आले नव्हते. ती पायऱ्या उतरली, त्याच्या पायरीपर्यंत.

“मग मले बी तू आवडतोस,” ती म्हणाली. “पण जर्मनी गेलं ना हातचं, तर मी रोज भांडीन तुझ्यासंगं.”

“रोज?”

“रोज. समोरासमोर.”

तो हसला. हात पुढे करावा की नाही, अशा विचारात त्याची बोटं हवेतच राहिली. तिनंच ती धरली. मग तिचा चेहरा पुन्हा गंभीर झाला.

“तुझ्या आईनं विचारलं होतं, रामटेके म्हणजे कुठले. काय सांगितलं तू घरी जाऊन?”

“सगळं सांगितलं. कुठले, कोण, भिंतीवर कोणाची तसबीर आहे.” तो खोटं बोलत नव्हता. बोलताना त्याला कष्ट पडत होते, त्यावरूनच कळत होतं. “दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.”

“अन् आता?”

“आता बोलते. पण त्या विषयावर नाही.”

भावनानं उडालेली ओढणी खांद्यावर घेतली.

“चल मग.”

“कुठे?”

“तात्यापाऱ्यात. त्या विषयावर बोलायले.”

“आज? भावना, जरा थांबूया, मी आधी —”

“तू आधी काही नको करू. तू आधी केलं की गडबड होते.” ती स्कूटरच्या मागे जाऊन बसली. “मी येऊन राहिली ना संगं.”

तात्यापाऱ्याच्या गल्लीत पोचेपर्यंत तिचा हात त्याच्या खांद्यावर होता, आणि खांदा ताठ झालेला तिला कळत होता. दार उघडंच होतं. आतल्या खोलीत पलंगावर त्याची आई बसली होती, इंदूताई, पट्टी बांधलेला पाय उशीवर, शेजारी वॉकर.

“आई,” पुष्कर म्हणाला. “ही भावना.”

इंदूताईंनी वर पाहिलं. भावनाच्या तोंडाकडे, घामेजलेल्या कपाळाकडे, दारातच थबकलेल्या पावलांकडे. बराच वेळ. भावनानं नजर खाली घातली नाही.

“नमस्कार, काकू,” ती म्हणाली. “मी भावना रामटेके. बिरगावची.”

इंदूताईंनी ओठ मिटले, पुन्हा उघडले. वॉकर जरा बाजूला सरकवला, आणि पलंगाशेजारची खुर्ची मोकळी झाली.

“उन्हातून आली पोट्टी,” त्या मुलाकडे न बघता म्हणाल्या. “पंखा लाव रे, पुष्कर. अन् तू बस अशी. बोलू.”